पल्मोनेरिया-ब्रुनेराची पानं दरवर्षी पांढरी पडतात, माना टाकतात: औषध मारायच्या आधी काय काय बघायचं

दरवर्षी मे लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. पल्मोनेरियाचं पान, त्यावर पांढरं काहीतरी, आणि खाली प्रश्न, "ताई, काय मारू यावर?" मी इंग्लंडात रेडिंगजवळ राहते, बागेच्या पश्चिमेच्या कुंपणाला लागून साधारण ९ मीटरची बॉर्डर, म्हणजे फुलझाडांचा लांब वाफा, आहे आणि त्यात जवळजवळ सगळी बोरेज कुळातलीच झाडं लावलीत, पल्मोनेरिया, ब्रुनेरा, फर्गेट-मी-नॉट, मागे कम्फ्री आणि उन्हाच्या टोकाला दरवर्षी पेरलेलं बोरेज. आपलं लोणच्याचं भोकर याच मोठ्या कुळात धरतात, आणि ओढ्याकाठची भुरुंडी पण, तिचा फुलांचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो बघा, फर्गेट-मी-नॉटचा अगदी तसाच वळतो. तर ही पांढऱ्या पानांची भानगड मी माझ्याकडे, शेजाऱ्यांकडे आणि इथल्या आपल्या लोकांच्या बागांमध्ये मिळून इतक्या वेळा निस्तरलीये की आता एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवते.

माझं माहेर निफाडकडचं, घरची द्राक्षबाग, त्यामुळे पांढरं पान दिसलं की हात थेट फवारणीच्या पंपाकडे जातो हे मला चांगलं माहितीये. पण या झाडांना बहुतेक वेळा पंपाची गरजच नसते. मुळाशी तहान असते आणि भुरी, म्हणजे पानावर पांढरं पीठ धरणारी बुरशी, तिच्या मागून येते. म्हणून खालचा क्रम सोडू नका, पहिल्या तीन गोष्टींना एक पैसा लागत नाही.

आधी लक्षणं जुळवून बघा

- पानावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा-करडा थर, फुलं संपता संपता सुरू होतो आणि जूनपर्यंत अख्खं झाड करडं दिसतं. फर्गेट-मी-नॉट तर यात मेमध्येच आडवं होतं.
- दुपारी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबतात, संध्याकाळी परत उभी.
- ब्रुनेराच्या पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत, मधला भाग ठीक.
- खालची पानं पिवळी, देठ बुडाशी काळे आणि मऊ.
- झाड हलवलं तर गदागदा हलतं, किंवा हातात उपटूनच येतं.
- 'जॅक फ्रॉस्ट'सारख्या चंदेरी ब्रुनेरात मधूनच साधी हिरवी पानं यायला लागतात.

ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत, एकाच झाडाला दोन एकदम असू शकतात, आणि फोटोत सगळी सारखीच दिसतात.

१. अंगठा घासा

दहा सेकंदांचं काम. पांढऱ्या ठिपक्यावर अंगठा जोरात फिरवा. पांढरं अंगठ्याला लागलं आणि खालून हिरवं पान दिसलं तर भुरी. काहीच लागलं नाही आणि ठिपका जागच्या जागी चमकतोय, तर तो रोग नाहीच, झाडाचं जन्मजात रूप आहे. पल्मोनेरियाच्या पानात वरच्या पातळ सालीखाली हवेचे बारीक कप्पे असतात, उजेड त्यावरून परत फिरतो आणि आपल्याला तो ठिपका चांदीसारखा दिसतो. जुन्या काळी युरोपात लोकांना हे ठिपकेदार पान फुफ्फुसासारखं वाटलं म्हणून छातीच्या आजारावर वापरायचे, आणि नावातला 'पल्मो' म्हणजे लॅटिनमध्ये फुफ्फुसच.

हे पहिल्यांदा का करायचं, तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, एका घरी निरोगी झाडाची सगळी ठिपकेदार पानं रोगट समजून काढून कचऱ्यात टाकली होती, मार्चमध्ये, ऐन फुलावर असताना. फार वाईट वाटलं मला ते बघून. अंगठा फिरवला असता तर ती फुलं राहिली असती.

२. एकच झाड दोनदा बघा, दुपारी १ ला आणि सकाळी ७ ला

पल्मोनेरिया, ब्रुनेरा, कम्फ्री यांची पानं मोठी आणि पातळ. उन्हात पानातून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मूळ वर पाठवू शकत नाही, म्हणून झाड पान खाली सोडतं, तेवढंच ऊन कमी लागतं. सकाळी सातला पान ताठ असेल तर झाडाचं चाललंय ते बरोबर चाललंय, पाणी घालू नका. सकाळी पण लोंबलेलंच असेल तर मात्र पुढे जा.

१९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ डिग्री झालं, इंग्लंडात तोवर कधी नोंदलं गेलं नव्हतं इतकं, त्या आठवड्यात माझी सगळी बॉर्डर जमिनीला चिकटली होती. शेजारच्या आजी रोज दुपारी पान पडलेलं बघितलं की झारी घेऊन यायच्या, जीव तुटायचा त्यांचा, आणि त्यांची माती म्हणजे नुसती चिकणमाती. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघींनी त्यांचा ब्रुनेरा खणला तर मुळं तपकिरी, बोटाने दाबली की साल सुटून हातात. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी आणि मधे काहीच नाही, पानं करपली, गेली, पण त्याच सप्टेंबरमध्ये खालून नवा फुटवा आला. पडलेलं पान बघून पाणी घालायचं नाही, मातीत हात घालून घालायचं.

३. मातीत बोट, नाहीतर खुरपं, १० सेंटिमीटरपर्यंत

या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

एका जूनमध्ये रात्रभर पाऊस लागला होता, सकाळी गच्चीवरून बघितलं तर सगळी बाग चकचकीत ओली, आणि तरी कुंपणाजवळचे तीन पल्मोनेरिया पांढरेफट आणि मलूल. मी खुरपं घातलं. वरचा बोटभर थर काळा, ओला, आणि त्याखाली राखेसारखी माती, खुरप्यावरून भुरुभुरु सांडायला लागली. रात्रभराच्या पावसाने तिथे पाणी पोचलंच नव्हतं. इथला पाऊस बहुतेक नैऋत्येकडून तिरका येतो, आणि पश्चिमेला उंच कुंपण असेल तर त्याच्या आतल्या बाजूला हात-दीड हात पट्टा कोरडाच राहतो. घराच्या भिंतीखाली तेच, मोठ्या झाडाखाली तर त्याहून वाईट, कारण वरून पानं पाऊस अडवतात आणि खालून मुळं उरलेलं पितात. आणि आपण नेमकं तिथेच ही झाडं लावतो, कारण लेबलवर लिहिलेलं असतं सावलीत लावा. सावली बरोबर आहे, पण यांचं मूळ ठिकाण जंगलातली ओलसर सावली, ब्रुनेरा कॉकेशसच्या डोंगरातल्या जंगलातला. कोरडी सावली त्याला मानवत नाही.

आता याचा भुरीशी काय संबंध? भुरीच्या बुरशीला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, आजूबाजूची हवा दमट असली की पुरे. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, पानावर पाणी साचून राहिलं की केवडा (हाही बुरशीसारखाच रोग), आणि पान कोरडं पण हवा कोंदट असेल तर भुरी. मुळाशी कोरडं पडलेलं झाड कमजोर होतं आणि दाट पानांच्या आत हवा कोंडलेली असते, म्हणजे भुरीला पाहिजे ते सगळं तयार. त्यामुळे वरून कितीही औषध मारा, खाली कोरडं असेल तर पंधरा दिवसांत परत पांढरं.

काय करायचं: सकाळी, झारीची जाळी काढून, थेट बुडाशी, एका मोठ्या गड्ड्याला १० लिटरची अख्खी झारी, तीन-चार वेळा थांबत थांबत. कोरडी माती पहिलं पाणी घेतच नाही, बाजूला पळवते. दुसऱ्या दिवशी परत खुरपं घाला. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की फुटावा, आपला वाफसा म्हणतो तसा. मग वर ५ सेंटिमीटर कुजलेल्या पानांचं आच्छादन, फक्त गड्ड्याच्या मध्यावर चढवू नका, तिथे कुजतं. होजपाइप बंदी, म्हणजे टंचाईत नळीने पाणी घालायला मनाई, असेल तेव्हाही झारीने पाणी घालता येतं, आणि पावसाचं पाणी पिंपात साठवलं असेल तर उत्तमच.

४. कात्री

माती ठीक केली तरी पांढरं झालेलं जुनं पान परत हिरवं होत नाही. ते ठेवून उपयोग नाही, उलट तिथूनच बुरशीचे कण नव्या पानांवर उडतात. फुलं संपली, म्हणजे साधारण एप्रिलअखेर ते मेअखेर, की पल्मोनेरियाची सगळी पानं, चांगली-वाईट न बघता, जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापून टाका. माझ्या घरी एप्रिलात द्राक्षाची खरड छाटणी व्हायची तेव्हा लहानपणी मला वाटायचं आता ही बाग गेली, आणि महिन्याभरात हिरवीगार फूट. इथेही तेच होतं, एक झारी पाणी दिलं की तीन-चार आठवड्यांत नवीन, स्वच्छ, पहिल्यापेक्षा मोठी पानं येतात आणि थंडीपर्यंत टिकतात.

उशीर झालाय आणि जुलैचं ऊन आहे, तर आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या आणि मगच कापा. कोरड्या झाडावर कात्री चालवू नका, फुटवा काढायला त्याच्यात ताकदच नसते.

हातमोजे घाला. या कुळातल्या बहुतेक झाडांना बारीक राठ केस असतात, कम्फ्रीचे तर मनगटाला लागले की तासभर खाज. आणि कापलेली पानं मी घरच्या कंपोस्टमध्ये टाकत नाही, माझा ढीग लहान आहे, नीट तापत नाही, म्हणून कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हिरव्या डब्यात.

फर्गेट-मी-नॉटवर मात्र अजिबात वेळ घालवू नका. ते तसंही दोन वर्षांचं झाड, पांढरं पडेपर्यंत त्याचं बी तयार झालेलं असतं. उपटा, जिथे पुढच्या वर्षी हवंय तिथे झटका, टाका. बोरेजचंही तसंच, ऑगस्टमध्ये ते पांढरं पडणारच, एप्रिलमध्ये एकदा आणि जूनमध्ये एकदा असं दोन हप्त्यांत पेरलं तर पहिलं उपटेपर्यंत दुसरं फुलावर येतं.

५. शेजारी कोण आहे ते बघा

लोक विचारतात, माझ्या गुलाबाला लागेल का, कूर्जेटला (झुकिनीला) लागेल का. नाही. भुरी दिसायला सगळीकडे एकसारखी, पण बुरशी वेगवेगळी. द्राक्षाची वेगळी, गुलाबाची वेगळी, आणि या कुळावरची तिसरीच, गोलोव्हिनोमायसिस सायनोग्लॉसाय नावाची. ती गुलाबावर जाणार नाही, पण पल्मोनेरियावरून फर्गेट-मी-नॉटवर, तिथून कम्फ्रीवर अशी कुळातल्या कुळात फिरते. म्हणून बॉर्डरमध्ये एकच झाड साफ करून भागत नाही, सगळी भावंडं एकाच दिवशी बघायची.

यात एक लपलेलं असतं, ग्रीन अल्कॅनेट. निळं फूल, मधे पांढरा डोळा, लोक त्याला फर्गेट-मी-नॉट समजून प्रेमाने ठेवतात. ते याच कुळातलं पण तण आहे, पान मोठं, राठ, फोडासारखे ठिपके असलेलं, आणि मूळ गाजरासारखं खोल. माझ्याकडे कुंपणाच्या फटीत एक होतं, दरवर्षी सगळ्यात आधी तेच पांढरं व्हायचं. मूळ तुटलं तर परत येतं, म्हणून पावसानंतर माती मऊ असताना लांब खुरप्याने अख्खं काढायचं.

६. ऊन मोजा

ब्रुनेराच्या कडा तपकिरी, पण पीठ नाही आणि माती ओली आहे, तर ते ऊन आहे. एका कोरड्या दिवशी त्याच जागेचे ९, १२, ३ आणि ६ वाजता फोटो काढा. सकाळचं ऊन चालतं, दुपारी १२ ते ४ चं चालत नाही. हलवायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जमीन कोमट आणि ओली असताना. उन्हाळ्यात हलवू नका, कितीही घाई असली तरी.

आणि ते हिरवं पान येतंय म्हणाल तर 'जॅक फ्रॉस्ट' आजारी नाहीये. एकतर फांदी मूळ रूपावर गेलीये, नाहीतर बी पडून शेजारी साधं रोप उगवलंय. दोन्ही हिरवी असल्याने जोमाने वाढतात आणि चंदेरीला दाबून टाकतात, म्हणून हिरवं बुडापासून काढायचं.

७. आता खणा

इथपर्यंत सगळं करून झालं आणि तरी झाड सकाळीसुद्धा मलूल, तरच खणा. कारण खणणं म्हणजे झाडाला एक हंगाम मागे टाकणं.

बाहेर काढून मुळं बादलीत धुवा. तीन गोष्टी दिसू शकतात. एक, गड्ड्याचा मधला भाग लाकडासारखा मेलेला आणि कडेला जिवंत फुटवे. हे म्हातारपण आहे, तीन ते पाच वर्षांनी होतंच, कडेचे तुकडे मुळासकट वेगळे करून लावा, दोन तुकड्यांत ३०-४० सेंटिमीटर ठेवा म्हणजे हवा खेळते.

दोन, मुळं कुरतडलेली आणि मातीत दुधी रंगाच्या, तपकिरी डोक्याच्या, वाकड्या अळ्या, जेमतेम सेंटिमीटरभर. आपल्या उसातली हुमणी आठवेल, पण हिला पाय नसतात. ही व्हाइन वीव्हिल. कुंडीतल्या झाडांत जास्त, आणि पानाच्या कडेला अर्धगोल खाचा दिसत असतील तर तिचे मोठे भुंगे रात्री येऊन गेलेत असं समजा. अळ्या हाताने वेचा, मुळं स्वच्छ धुवा, नवीन मातीत लावा, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये नेमॅटोड, म्हणजे या अळ्या मारणारे सूक्ष्म कृमी, मिळतात ते पाण्यातून घाला. ते जिवंत असतात, त्यामुळे पाकिटावरची तारीख बघा आणि माती आधी ओली करा.

तीन, मुळं काळी, मऊ, वास येणारी. म्हणजे पाणी साचतंय. जवळच ३० सेंटिमीटरचा खड्डा करून पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर झाड बदलून उपयोग नाही, जागाच उंच करावी लागेल.

कम्फ्री मात्र या कारणासाठी कधी खणू नका. तुटलेल्या मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवं झाड येतं, एकाची दहा होतात. ती नुसती बुडापासून कापा, ती ऐकते.

८. जात बदला

तीन वर्षं लागोपाठ हे सगळं करूनही एखादं पल्मोनेरिया पांढरं पडतंच, तर ते काढा. माझा अनुभव असा की अरुंद, लांब पानांची लाँगिफोलिया आणि तिच्या वळणाच्या जाती जास्त टिकतात, 'डायना क्लेअर' आणि 'मॅजेस्ते' माझ्याकडे चांगल्या राहिल्यात. रुंद पानांच्या जुन्या जाती दिसायला सुंदर, पण कोरड्या कुंपणाजवळ हाल होतात त्यांचे.

औषधाबद्दल

मी या बॉर्डरवर काहीही मारत नाही. मार्चच्या पहिल्या ऊबदार दुपारी पल्मोनेरियापाशी गुडघ्यावर बसून बघा, एक काळीभोर, गुबगुबीत माशी येते, मागच्या पायांना केशरी केस, एका फुलापाशी हवेत थांबते, जीभ आधीच बाहेर काढलेली, आणि गुलाबी कळ्या सोडून उमललेल्या फुलांकडे जाते. हेअरी-फूटेड फ्लॉवर बी म्हणतात तिला, मादी काळी आणि नर तपकिरी. त्या दिवसांत तिला खायला दुसरं फारसं काही नसतं. कात्री आणि झारीने जे काम होतं त्यासाठी तिच्या ताटात औषध टाकायचं मला पटत नाही. गोगलगायींचंही सांगून ठेवते, त्या या केसाळ पानांच्या वाटेला फारशा जात नाहीत, आणि मेटाल्डिहाइडच्या जुन्या निळ्या गोळ्या शेडमध्ये पडल्या असतील तर वापरू नका, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२२ पासून बागेत त्यांना बंदी आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

झाडाखालची कोरडी सावली हेच कारण निघालं आणि वरच्या फांद्या विरळ करायच्या असतील तर शिडी लावून स्वतः चढू नका. आधी कौन्सिलकडे विचारा त्या झाडाला संरक्षण आहे का, असेल तर परवानगी लागते, आणि कॉन्झर्वेशन एरिया (जपणूक केलेला परिसर) असेल तर सहसा ६ आठवडे आधी कळवावं लागतं. मग विमा असलेला ट्री सर्जन, म्हणजे मोठी झाडं छाटणारा जाणकार, बोलवा.

बॉर्डरीतली झाडं जातायत आणि सोबत जवळचं झुडूप किंवा मोठं झाडही वाळतंय, बुडाची साल सोलली तर खाली पांढरा पापुद्रा आणि अळंबीचा वास, तर हनी फंगसची, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीची, शंका घ्या. याला औषध नाही, आणि कुठपर्यंत खणायचं, काय काढायचं हे जाणकारानेच बघून सांगावं.

पाऊस नसतानाही एकाच जागी माती कायम ओली असेल तर पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन फुटलेली असू शकते. कुदळ खाली ठेवा, प्लंबरला किंवा पाणी कंपनीला फोन करा.

आणि एक फार कळकळीने सांगते. मैत्रिणीच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, मऊ केसाळ पानं बघून म्हणाल्या, ओव्याच्या पानांची करतो तशी भजी करूया का याची? नका करू. कम्फ्री आणि तिच्या भावंडांच्या पानांत यकृताला घातक द्रव्यं असतात. त्याहून मोठा धोका म्हणजे फूल नसताना फॉक्सग्लोव्ह या विषारी फुलझाडाचं पान कम्फ्रीसारखंच दिसतं, दोन्ही एकाच बॉर्डरमध्ये उगवतात, आणि फॉक्सग्लोव्ह थेट हृदयावर परिणाम करतं. असं पान पोटात गेल्याची शंका आली तर उलटीची वाट बघत बसू नका, १११ ला (इथली आरोग्य हेल्पलाइन) फोन करा, चक्कर, छातीत धडधड असेल तर थेट ९९९ (तातडीची मदत), आणि ते पान सोबत न्या.

मला फोटो पाठवायचे असतील तर चार पाठवा: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू अंगठा घासल्यानंतर, पानाची खालची बाजू, आणि १० सेंटिमीटर खालची माती तळहातावर घेऊन. किती वाजता काढले तेही लिहा.